कंसातले एकतीस

मुलांनो, श्रुतलेखन घालताना तुमच्या बाई काय काय बोलतात, ते कधी नीट ऐकलंत का? 'आज पाऊस पडला पूर्णविराम.' हे ऐकून तुम्ही वाक्याच्या शेवटी टिंब देता. पण एखादं नवखं पोर 'पूर्णविराम' हा शब्दच्या शब्द वहीत लिहून मोकळं होतं! दरवर्षी असं एक तरी पोर मला भेटतं. त्याला नीट ऐकू आलेलं असतं, अक्षरही सुरेख असतं. फक्त कुठला शब्द लिहायचा आणि कुठला पाळायचा, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं.

एवढं ध्यानात ठेवा बरं का! कारण आमच्या संगणकाचंही अगदी असंच झालं होतं.

मी घाटकोपरला शिकवते. आमच्या शाळेत एक जुना संगणक आहे. एका माजी विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स घालून दिलं आणि पाढ्यांच्या सरावासाठी एक छोटासा प्रोग्रॅमही लिहून दिला. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, आज्ञा टाइप केली की वर्गाची उत्तरं दिसतात. बरोबर उत्तर हिरवं, चुकलेलं लाल. मुलं खूश!

पाचवीतल्या एका मुलीला वाटलं, हा निकाल छापून फळ्याशेजारी लावावा. तिने आज्ञेपुढे 'पेक्षा मोठे'चं चिन्ह देऊन निकाल एका फाइलमध्ये पाठवला आणि ती फाइल छापली. कागद आला तो असा: '[३१एम ७ × ८ = ५४ [०एम'. पानभर हेच! रंगाचा पत्ता नाही, नुसते कंस, आकडे आणि इंग्रजी एम.

"हिनं कॉम्प्युटर बिघडवला!" एकाने जाहीर करून टाकलं. बाकीच्यांनी री ओढली. दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली, तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, मी नको. दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

संगणक दुरुस्त करता येतो हो. पण 'माझा हात लागला की बिघडतं' हे एकदा मनात बसलं, की लवकर निघत नाही. म्हणून मी ठरवलं, याचा छडा लावायचा, आणि तोही तिच्याच हातून.

पहिला प्रश्न: पडदा बिघडलाय का? तिने 'एलएस' ही आज्ञा दिली. फायलींची यादी आली आणि फोल्डरांची नावं छान निळी दिसली. म्हणजे पडदा ठणठणीत!

दुसरा प्रश्न: कागदावरच्या या कचऱ्यात काही शिस्त आहे का? मी मुलांना पेन्सिलीने खुणा करायला लावल्या. पाचच मिनिटांत आरोळी आली, "बाई, प्रत्येक चुकलेल्या उत्तराआधी एकतीस आहे!" "आणि बरोबरच्या आधी बत्तीस!" "आणि शेवटी शून्य!" आता मला सांगा, कचऱ्यात अशी शिस्त असते का कधी?

तिसरा प्रश्न: फाइल बिघडलीय का? तिने 'कॅट' ही आज्ञा देऊन तीच फाइल टर्मिनलमध्ये दाखवली. आणि काय आश्चर्य! लाल-हिरवे रंग जसेच्या तसे हजर!

कोडं सुटलं. पडद्यावर रंग आणायला प्रोग्रॅम अक्षरांच्या अधूनमधून सूचना पाठवतो. प्रत्येक सूचनेच्या आधी 'एस्केप' नावाचं एक न दिसणारं चिन्ह असतं. संगणकाच्या अक्षरयादीत त्याचा नंबर २७. त्याचा अर्थ, 'आता येतंय ते लिहू नकोस, पाळ.' मग कंस, मग आकडा. ३० काळा, ३१ लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा. ० म्हणजे 'पुन्हा नेहमीसारखं.' टर्मिनल ही सूचना पाळतं. साधा लेखनाचा प्रोग्रॅम आणि छपाईयंत्र मात्र ती लिहून काढतात, त्या 'पूर्णविराम' लिहिणाऱ्या पोरासारखी!

ही सांकेतिक भाषा आजची नाही. तिची प्रमाण रूपं १९७० नंतरच्या दशकात ठरली आणि १९७८ मध्ये आलेल्या व्हीटी-१०० या यंत्राने ती जगभर नेली. गंमत म्हणजे त्या यंत्राचा पडदा रंगीत नव्हताच! आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळणाऱ्या खात्यावर चित्रं नसत, नुसती अक्षरं. घरच्या संगणकाला 'तू व्हीटी-१००सारखा वाग' असं सांगावं लागे. ते राहिलं, की पडद्यावर कंसांचा सडा! विंडोजच्या काळ्या खिडकीला तर हे संकेत नीट कळायला विंडोज १० यावं लागलं.

आता उपाय. प्रोग्रॅमने आधी विचारायचं, 'माझं लिखाण पडद्यावर जातंय की फाइलमध्ये?' पडद्यावर जात असेल तरच रंग पाठवायचे. आमच्या माजी विद्यार्थ्याने दोन-तीन ओळींत ते करून दिलं. तेवढ्यात त्या मुलीने विचारलं, "दादा, पण मग कागदावर चूक कशी ओळखायची?" अगदी खरं! शिवाय काही मुलांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. तेव्हा आता उत्तरापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' हा शब्दही येतो. ही सुधारणा तिची.

तुमच्याकडे असं झालं तर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रोग्रॅम मध्येच थांबवला आणि सगळी खिडकी लाल झाली, तर शेवटचं शून्य पोचलेलं नसतं. 'रीसेट' टाइप करून एंटर दाबा, खिडकी ताळ्यावर येते. आणि 'लेस' या आज्ञेने फाइल वाचताना कंस दिसले, तर तिला मोठ्या लिपीतला 'आर' जोडा. लिनक्सचे असे पाठ मराठीतून ऐकायचे असतील, तर पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ते आहेत.

ती मुलगी आता चौथीच्या मुलांना टर्मिनल दाखवते. आज्ञा कशी द्यायची हे ती नंतर सांगते. आधी सांगते, "घाबरू नका, नीट वाचा."

आणि आईबाबांनो, एक विनंती तुम्हालाही. घरात काही अडलं, की "काय केलंस?" असं विचारण्याआधी "काय दिसतंय?" असं विचारून पाहा. मूल स्वतःच सांगायला लागेल.