हाक

आमचा मोत्या हाक मारली की पळून जातो, हे साऱ्या आळीला ठाऊक होते. ‘मोत्या!’ म्हटले की कान पाडून, शेपूट घालून तो सरळ पाणंदीची वाट धरायचा. आजीने मात्र शिळ्या भाकरीचा तुकडा हातात घेऊन नुसते ‘यू यू’ म्हणावे, की स्वारी परसदारी हजर! ‘हावरट आहे आणि कृतघ्नही,’ असा अण्णांचा निकाल होता.

गेल्या पावसाळ्यात दावे तोडून तो एस. टी.च्या रस्त्यावर गेला. वळणावरून गाडी येत होती. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, ‘मोत्याऽ!’ तो माझ्यापासून दूर पळाला, तो नेमका गाडीपुढे. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचला. (त्याने माझ्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला तो वार्षिकात छापण्याजोगा नाही.) त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्याच हाकेने तो चाकाखाली जात होता.

मानसशास्त्र मी सोपे म्हणून घेतलेले. पाव्हलॉव्हचे कुत्रे परीक्षेपुरते पाठ होते. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल, हे ऐकून आजीला मुळीच नवल वाटले नाही. पण खूण आणि तिच्यामागून येणारी गोष्ट यांची गाठ मनात पक्की बसते, हे त्यांचे म्हणणे आता मला अंगणातच दिसू लागले. मोत्या, म्हणजे आंघोळ. मोत्या, म्हणजे साखळी. मोत्या, म्हणजे कुरतडलेल्या चपलेचा त्याच चपलेने मार. बिचारा धडा चोख शिकला होता, शिकवणारे आम्हीच.

मग आजीची ‘यू यू’ उसनी घेतली. विहिरीचा जुना दोर पट्ट्याला बांधला. आधी दोन हातांवरून हाक, मग अंगणभर, मग परसात. हाक एकदाच मारायची. आला की भाकरीचा तुकडा, आणि लगेच पुन्हा मोकळा सोडायचा. नाहीतर येणे म्हणजे खेळ संपणे, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागत नाही. बांधायचे असेल तर आपण उठून त्याच्याकडे जायचे. पळालाच तर पाठलाग न करता उलट दिशेने धावायचे. त्याला राहवत नाही!

महिनाभराने अण्णांनी ‘यू यू’ करून त्याला बोलावले, आणि दुधाचे पातेले लवंडल्याबद्दल काठी हाणली. मी अण्णांपुढे सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी म्हणालो, ‘तो आला होता, अण्णा. आलेल्याला मारू नका.’ अण्णा काही बोलले नाहीत. काठी कोनाड्यात ठेवली. मला मात्र पुन्हा दोन हातांपासून सुरुवात करावी लागली.

काल संध्याकाळी ओसरीवरून अण्णांची हाक आली, माझ्या नावाने. आमच्याकडे माझे नाव मोठ्याने घेतले जाते ते निकालाच्या दिवशी. मी पुस्तकात डोके घालून ऐकले नाहीसे केले. दुसरी हाक आली तेव्हा गेलो. अण्णा भाजलेले कणीस मोडत होते. अर्धे त्यांनी माझ्यापुढे धरले. मोत्या माझ्याआधीच येऊन त्यांच्या पायाशी बसला होता.