उपनगरांतील जड पाणी

अंधेरी-बोरिवलीकडून आणि घाटकोपर-मुलुंडकडून पाण्याचे जे नमुने तपासणीसाठी आमच्या प्रयोगशाळेत येतात, त्यांच्यासोबतच्या अर्जांतील मजकूर बहुधा ठरलेला असतो: गीझरची कॉइल वर्ष-दीड वर्षात जळाली, नळांवर व फरश्यांवर पांढरी पुटे चढली, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, आणि शेवटी, महापालिका अलीकडे फार जड पाणी सोडू लागली आहे, तरी तसा दाखला मिळावा, अशी विनंती. यांतील लक्षणे बहुतेक खरी असतात. आरोप मात्र भलत्याच आरोपीवर ठेवलेला असतो.

विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या ज्या सात जलाशयांवर मुंबईची तहान भागते, त्यांचे पाणी म्हणजे शुद्ध पावसाळी मिळकत होय. डोंगरउतारांवर कोसळलेले हे पाणी काळ्या पाषाणावरून इतक्या वेगाने वाहत जलाशयांत उतरते की खडकातील क्षार आपल्यात विरघळवून घेण्यास त्यास फुरसतच मिळत नाही. पाण्याचा जडपणा एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, या मापाने मोजतात. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणे २०० पर्यंतचा जडपणा स्वीकार्य, व दुसरा उद्भवच नसेल तर ६०० पर्यंत क्षम्य. आपल्या जलाशयांचे पाणी शंभराच्याही बरेच खाली राहते. राजस्थानातील वाळवंटी गावांत, जेथे जमिनीतूनच जड व खारे पाणी येते, तेथील माणसे पिण्यापुरते पावसाचे पाणी टांक्यात साठवून ठेवतात. मुंबईकराला तसले पाणी कळ फिरवताच मिळते, आणि कदाचित म्हणूनच त्याची किंमत त्यास ठाऊक नाही.

मग जडपणा येतो कोठून? तो येतो आपल्याच आवारातून, बोअरमधून. अंधेरी पश्चिमेस, माथ्यावर गावदेवीचे देऊळ असलेली, सुमारे २०० फूट उंचीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी उपनगरांच्या पायाखालचा खडक उभा राहिलेला पाहिला, असे म्हणावयास हरकत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या या खडकात भेगा आहेत, पोकळ्या आहेत, आणि त्या पोकळ्यांत कॅल्साइट व झिओलाइट जातीची खनिजे स्फटिकरूपाने वस्तीस आहेत. मुरणारे पाणी मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, वर्षानुवर्षे या भेगांत मुक्काम करते, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम पदरी बांधूनच वर येते. शिवाय पश्चिमेस मालाडची व गोराईची खाडी, पूर्वेस ठाण्याची. उपसा वाढला की खाडीचे खारे पाणी आत सरकते. खडकातून येणारा जडपणा बव्हंशी बायकार्बोनेटचा, म्हणजे उकळल्याने जाणारा. समुद्राकडून येणारा मुख्यत्वे क्लोराइड-सल्फेटचा, जो कितीही उकळले तरी ढिम्म हलत नाही. टँकरने मिळणारे पाणीही बहुधा कोणत्या तरी विहिरीचे वा बोअरचेच असते.

घाटकोपर व अंधेरीपर्यंतचा भाग १९५० साली, आणि पुढे मुलुंड व दहिसरपर्यंतचा १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. मोडकसागरचे पाणीही १९५७ चेच. तत्पूर्वी येथील बहुतेक संसार विहिरींवर चालत, आणि कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते, कोणते पाणी मचूळ म्हणून केवळ भांड्या-धुण्याला घ्यावे, याचा विवेक आळीतील प्रत्येक गृहिणीस असे. दोन पाणी दोन हंड्यांत राहत. आज ती दोन्ही पाणी गृहसंस्थेच्या एकाच तळटाकीत येऊन पडतात, पंपाने गच्चीवर चढतात आणि एकाच नळाने स्वयंपाकघरात उतरतात. आणि नळ महापालिकेचा समजला जात असल्यामुळे पाणीही तिचेच समजले जाते.

यासाठी मी नेहमी दोन बाटल्या मागवितो: एक रस्त्याकडील जोडणीतून मीटरपाशी भरलेली, दुसरी गच्चीवरच्या टाकीतून. पन्नास मिलिलिटर नमुन्यात अमोनियाचे द्रावण आणि एरिओक्रोम ब्लॅक टी नामक सूचकाची चिमूट टाकली की पाणी द्राक्षासवासारखे तांबूस होते. मग ब्युरेटमधून ईडीटीएचे प्रमाणित द्रावण थेंबाथेंबाने सोडीत जावे. बराच वेळ काहीच घडत नाही, मग रंग जांभळ्याकडे झुकतो, आणि एका थेंबासरशी स्वच्छ निळा होतो. जितके मिलिलिटर लागले त्यांस विसाने गुणले की जडपणा मिळाला. मीटरपाशीचे पाणी दोन-तीन मिलिलिटरांतच निळे होते. गच्चीवरच्यास पुष्कळदा पंधरा-सोळाही लागतात. हिशेब साधा आहे: ५० चे पाणी अर्धे व ६०० चे अर्धे मिसळले तर ३२५ चे होणार. उन्हाळ्यात कपात लागली, जशी २०२४ च्या जूनमध्ये दहा टक्क्यांची लागली होती, की तळटाकीतील बोअरचा वाटा वाढतो, तक्रारअर्जांची संख्याही वाढते. आणि श्रावणात ती आपोआप ओसरते. महापालिकेने मध्यंतरी काहीच केलेले नसते.

साबणाचे म्हणाल तर त्याचा पहिला हप्ता कॅल्शियमच वसूल करते; दोहोंच्या संयोगाने न विरघळणारा चिकट साका बनतो, बादलीच्या कडेस बसणारी करड्या रंगाची रेघ ती हीच, आणि कॅल्शियम संपल्यावरच फेस धरू लागतो. गीझरमध्ये पाणी तापताच बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेटचा थर कॉइलीवर बसतो. उष्णता पाण्यास न पोहोचता कॉइलीतच कोंडते, वीजबिल चढते आणि अखेर कॉइल जळते. पूर्वीच्या तांब्याच्या बंबातही हा थर बसे, परंतु चिंचेच्या आम्लाने तो निघे. गीझर उघडून चिंच लावण्याची सोय नाही. डाळीच्या बाबतीत, दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन कॅल्शियमच्या संगतीने घट्ट होते व दाणा फुटत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याची जुनी रीत रसायनशास्त्रास मान्य असली तरी त्यात बी-एक जीवनसत्त्वाचा बळी जातो, हे सांगणे भाग आहे. मुतखड्याचे खापर मात्र या पाण्यावर फोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणास आरोग्याच्या कारणासाठी कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नाही, आणि मुतखड्यास पाणी कमी पिण्याचेच निमित्त अधिक होते.

उपायांपैकी तुरटी प्रथम बाद करावी. तिने गाळ बसतो, जडपणा बसत नाही. उलट उकळून गेला असता तोही काही अंशी न जाणारा होतो. त्यानंतर ते गृहस्थ, जे दारी येऊन पेल्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतात आणि मिनिटभरात तपकिरी गदळ झालेले पाणी दाखवून घरातील मंडळींस घाबरवितात. तो गदळ पाण्यातला नसून त्यांच्याच लोखंडी सळीचा झिजलेला अंश असतो. या नजरबंदीच्या जोरावर आर. ओ. यंत्रे खपतात, आणि मूळचेच मऊ असलेले तलावाचे पाणी त्यांतून गाळताना पेलाभर घेऊन दोन-तीन पेले मोरीत सोडले जातात.

पाणी मऊ करण्याचा खरा शास्त्रोक्त मार्ग आयन-विनिमयाचा. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रॉबर्ट गान्सने यासाठी झिओलाइटच वापरले. म्हणजे आपल्याच खडकात ज्या कुळाची खनिजे पडून आहेत, तेच कूळ कॅल्शियम धरून ठेवते व बदल्यात सोडियम सोडते. आता त्या जागी कृत्रिम राळ असते. पण राळेची धारणाशक्ती संपली की मिठाच्या पाण्याने ती पुन्हा भरून घ्यावी लागते, आणि माझ्या पाहण्यातील कित्येक गृहसंस्थांत हजारो रुपयांचे संयंत्र जिन्याखाली उभे असून मिठाचे पोते कोणी आणावयाचे, वॉचमनने की पंपवाल्याने, हा प्रश्न सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात तहकूब राहिलेला असतो. मीठ नाही तर संयंत्र म्हणजे केवळ एक नळीचा तुकडा. शिवाय मऊ झालेल्या पाण्यात सोडियम वाढतो, म्हणून रक्तदाबाच्या रोग्यांनी ते पिण्यासाठी वापरू नये.

म्हणून मला कोणी सल्ला विचारला, तर मी यंत्राऐवजी प्लंबरचे नाव घेतो. बोअरचे व टँकरचे पाणी वेगळ्या तळटाकीत, वेगळ्या पंपाने, वेगळ्या नळीने केवळ संडासाच्या फ्लशला, गाड्या धुण्यास व बागेस द्यावे. महापालिकेचे पाणी स्वयंपाक, स्नान व गीझर यांसाठी निराळे राखावे. अलीकडच्या इमारतींत अशा दोन वाहिन्या बांधतानाच घालतात, जुन्या इमारतींत त्या बाहेरून, मागील भिंतीवरून घेता येतात, आणि खर्च दर तीन वर्षांनी साऱ्या मजल्यांवर बदललेल्या गीझरांहून अधिक येत नाही. काम झाल्यावर एक खबरदारी अवश्य घ्यावी: दोन्ही टाक्यांना जोडणारी जुनी नळी, जी अडीअडचणीला असू द्या म्हणून ठेवण्याचा आग्रह कमिटीतील कोणी ना कोणी धरतोच, ती व्हॉल्व्ह लावून न ठेवता कापून काढावी, कारण पहिल्याच मे महिन्यात तो व्हॉल्व्ह कोणीतरी उघडतो, आणि पुन्हा दोन बाटल्या माझ्या टेबलावर येतात.