तेरा की अठरा?

मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दोन डिश आहेत. छोटी डीडी फ्री डिशची (२००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली तीच), जीसॅट-१५ कडे, ९३.५ अंश पूर्वेला तोंड केलेली. मोठी जाळीवाली, सी बँडची. ऑक्टोबर २०१२ अखेर मुंबईत ॲनालॉग केबल बंद झाली, तेव्हा आमचा केबलवाला ती तशीच टाकून गेला. सेक्रेटरी काकांना विचारून मी ती ताब्यात घेतली. दोन्हींच्या मध्ये एक डायसेक स्विच, तिथून एकच केबल घरात, आणि घरी लिनक्सवर चालणारं ट्यूनर कार्ड. बाबांचा भजनांचा चॅनेल मोठ्या डिशवर आहे. सेट-टॉप बॉक्सचं महिन्याचं पॅकेज आम्ही कधीच बंद केलंय.

तर मंडळी, जुलैत त्या डिशवरचे उभ्या लहरींचे चॅनेल छान दिसायचे आणि आडव्या लहरींचे (म्हणजे भजनांचाही) गायब!

या केबलची गंमत अशी की सिग्नल तिच्यातूनच खाली येतो आणि एलएनबीला वीजही तिच्यातूनच वर जाते. १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या लहरी देतो, १८ दिले की आडव्या. त्यावर २२ किलोहर्ट्झचा टोन. तोच तुकड्यातुकड्यांनी पाठवला की झाला डायसेकचा निरोप, कुठली डिश जोडायची ते सांगणारा.

ड्रायव्हरचा लॉग बघितला. स्विचला निरोप गेला, मधला १५ मिलिसेकंदांचा थांबा घेतला, १८ व्होल्ट मागितले, उत्तर आलं शून्य. आमच्या धंद्यात शून्य म्हणजे सगळं आलबेल. पण इथे त्याचा अर्थ एवढाच, की कार्डावरच्या वीज देणाऱ्या चिपने हुकूम ऐकला. वर किती पोचले हे ड्रायव्हरला कळायला मार्गच नाही. डायसेक १.० तर एकतर्फीच आहे, स्विच कधी उलट उत्तर देत नाही.

इकडे बाबांचं एकच पालुपद, "डिश हलवली की येतं रे." गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस भर पावसात टाकीची शिडी चढून डिश हलवून यायचा. शेवटी आईने गच्चीची किल्ली लपवली :)

पण खरंच, हलवली की तासभर यायचं. आता डिशची दिशा बिघडली असती तर उभे चॅनेलही गेले असते ना? उपग्रह तोच, डिश तीच. म्हणजे बाबा डिश हलवत होते तेव्हा कामाचं दुसरंच काहीतरी हलत होतं.

मल्टिमीटर घेऊन वर गेलो. मोजताना एलएनबी जोडलेला हवा. करंट वाहत नसेल तर खराब केबलही पूर्ण १८ दाखवते. कार्डाजवळ १८.२, गच्चीवर १४.८. एलएनबीला ११.५ ते १४ म्हणजे उभ्या आणि १६ ते १९ म्हणजे आडव्या, मधलं सगळं बेभरवशाचं. १३ चेही जेमतेम १० पोचत होते, पण आतला रेग्युलेटर तेवढ्यावर भागवतो. म्हणून उभे चॅनेल शाबूत.

लांब केबलसाठी व्होल्टेज साधारण एकाने वाढवायची सोय लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये आहे (सगळ्या कार्डांवर चालत नाही). ती चालू केली, भजनं लागली, संध्याकाळच्या सरीबरोबर परत गेली.

दुखणं होतं एलएनबीच्या कनेक्टरमध्ये. आत पाणी, हिरवट पावडर, आणि मधली तार तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी, मुलामा उडून गंजलेली. वीतभर केबल कापली, नवा कनेक्टर लावला, वरून रबरी टेप गुंडाळली, पाणी ओघळून जावं म्हणून केबलला खाली झोल दिला. रीडिंग १७.५. ड्रायव्हरमधला वाढीव व्होल्ट काढून टाकला.

"मी म्हणत नव्हतो, हलवली की येतं?" इति बाबा. किल्ली अजून आईकडेच आहे. पावसाळ्याआधी मी ती मागून घेतो आणि दोन्ही टोकांचे व्होल्ट लिहून ठेवतो. खालचा आकडा खुर्चीतून न उठता मिळतो, वरच्यासाठी शिडी चढावी लागते.