सहा महिन्यांचा नंबर

परदेशी लांबच्या मुक्कामाला निघायचं ठरलं की आमच्या घरात आधी भाजणीचा आणि मेतकुटाचा वास दरवळतो, आणि पुड्यांना रबरबँड लावता लावताच कुणीतरी विचारतं, "फोनचं काय केलंत?" या दिवाळीनंतर आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला निघालोय. इथलंच सिम रोमिंगवर न्यायचं, तिथलं प्रीपेड घ्यायचं, की ई-सिम, यावर सध्या घरात रोज बोलणं होतं. लेक असले प्रश्न चुटकीसरशी सोडवते. मला मात्र त्यात रेंगाळायला आवडतं, कारण त्याच्या मागे मागे गेलं की मी थेट आमच्या गावातल्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथपाशी पोचतो.

दादा अमेरिकेत शिकायला गेला तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. त्याने केलाच तर शेजारच्या काकांकडे, पी.पी. नंबरवर. आम्हाला करायचा असेल तर बूथ. काचेची ती अरुंद खोली, गणपतीच्या तसबिरीपुढची उदबत्ती, आधीच्या माणसाच्या हाताने अजून कोमट असलेला काळा रिसीव्हर आणि भिंतीवरच्या मीटरचे पळणारे लाल आकडे. मिनिटाला साठ रुपयांच्या आसपास दर पडायचा, म्हणून आई कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने मुद्दे लिहून आणायची: खोकला, आत्याचं पत्र, लोणचं पोचलं का, थंडीचे कपडे. आवाज उपग्रहाकडे छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन परत खाली यायचा, त्यात जो इवलासा उशीर व्हायचा त्याने बोलणाऱ्यांची फार तारांबळ उडायची. दोघं एकदम बोलायचे, मग दोघं एकदम थांबायचे, आणि त्या गप्प थांबण्यातही मीटर पळतच असायचा. आईने यावर स्वतःची युक्ती काढली. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी ती "बोल" म्हणायची. "खोकला कसा आहे? बोल." "आत्याला पत्र टाकलंस? बोल." मग डोळे मिटून ऐकायची. बाबा एरवी या तंत्राच्या गोष्टीत रमणारे, नारायणगावाजवळ आर्वीला 1971 साली उभं राहिलेलं विक्रम भूकेंद्र त्यांना कोण अभिमानाचं, आणि नाशिकला जाताना एसटीच्या खिडकीतून त्या दिशेला बोट दाखवून ते सांगायचे, "आपल्या दादाचा आवाज तिथून येतो." बूथमध्ये मात्र त्यांच्या वाट्याला शेवटचं अर्धं मिनिट यायचं. बाहेर आलो की छोट्या प्रिंटरमधून करकरत पावती निघायची आणि आई ती घडी घालून पर्समध्ये ठेवायची. टाकून द्यायची नाही.

पुढे नव्वदीच्या अखेरीस मीच न्यू जर्सीला नोकरीनिमित्त राहिलो तेव्हा त्या संभाषणाचं दुसरं टोक माझ्या हाती आलं. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात, जिथे हिंगाचा, उदबत्तीचा आणि ओल्या कोथिंबिरीचा वास एकमेकांत मिसळलेला असायचा, तिथे गल्ल्यापाशी कॉलिंग कार्डांच्या चळती टांगलेल्या असत. कुठलं कार्ड घ्यायचं यावर रांगेतली अनोळखी माणसंही मनापासून सल्ला देत: हे मुंबईला स्वस्त पण बाकी भारताला महाग, त्यात फोन लागताक्षणी वेगळे पैसे कापतात, तिसऱ्यात दर आठवड्याला थोडे थोडे गळतात. घरी येऊन नाण्याने करडा पट्टा खरवडायचा, नखात त्याची भुकटी अडकायची, मग आधी टोल-फ्री नंबर, मग तो लांबलचक पिन, मग शून्य-अकरा-एक्क्याण्णव.

मोबाइल आला तेव्हा तर निवडीचं शास्त्रच झालं. आपल्याकडचे फोन 900 आणि 1800 च्या पट्ट्यातले, अमेरिकेतले 850 आणि 1900 च्या. त्यामुळे पुण्याहून हौसेने नेलेला हँडसेट तिथे मुका. काही कंपन्या सीडीएमएवाल्या, त्यांच्या फोनला सिमच नसे. करार दोन वर्षांचा, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर हवा, नाहीतर डिपॉझिट. आलेल्या फोनचीही मिनिटं कापली जात. पण रात्री नऊनंतर मिनिटं मोफत, आणि हा नियम मला अजूनही मायेने आठवतो. तिथे उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. त्या वेळेत टोल-फ्री नंबर लावायला मोबाइलची मिनिटं कापली जायची नाहीत, भारताचे पैसे कार्डातून जायचे, आणि मला ऐकू यायची ती देवघरातली घंटा, कुकरची शिट्टी, दूधवाल्याची हाक, मध्येच आईचं "थांब हं, दूध उतू जातंय". त्या उतू जाणाऱ्या दुधाचे पैसे मी आनंदाने मोजले आहेत. इतकं मन लावून हल्ली मी काही ऐकत नाही.

आता आवाज फुकट झालाय, चेहऱ्यासकट. फार बरं झालं. लोणचं पोचलं का हे विचारायला आईला यादी लागली नसती, बरणीच दिसली असती. आता खटाटोप असतो तो इथला नंबर जिवंत ठेवण्याचा, कारण बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. तेव्हा निघण्यापूर्वी लांब मुदतीचं रिचार्ज, मेसेजपुरतं रोमिंग सुरू, डेटा रोमिंग बंद. आणि तिथला खरा नंबर हवाच, असं माझं ठाम मत आहे. प्रवाशांना विकली जाणारी पुष्कळ ई-सिम नुसता डेटा देतात, फोन नंबर देत नाहीत. चार दिवस फिरायला ठीक, पण सहा महिने राहणाऱ्या माणसाला औषधाच्या दुकानातून, वाचनालयातून, शेजारून फोन यावा लागतो, आणि लेक-जावई कामावर असताना बर्फावरून पाय घसरून 911 लावलाच तर त्यांना उलट फोन करता यावा लागतो. जुना बटणांचा फोनही नेऊ नये. तिथल्या कंपन्यांनी 2022 पर्यंत थ्री-जी बंद केलं, आता व्होल्टीशिवाय, म्हणजे फोर-जीवरून बोलण्याच्या सोयीशिवाय, बोलणं जवळपास नाहीच. मुलांच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक जोडणी वाढवणं बहुतेकदा सगळ्यात स्वस्त पडतं, हे मात्र आधी विचारून घ्यावं.

आम्हीही तेच ठरवलंय. त्या जोडणीच्या ई-सिमचा क्यूआर कोड येईल, तो स्कॅन केला की झालं, ना नाणं लागणार ना पिन. तरी दोन्हीकडचे सगळे नंबर मी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पासपोर्टच्या पाकिटात घातलेत, एक प्रत हिच्या पर्समध्ये. ही म्हणाली, "अहो, सगळं फोनमध्ये असतं की." असतं. पण फोन चार्ज करायला विसरणारी माणसं आम्ही दोघंही आहोत, आणि लेकीचा नंबर अजून पाठ व्हायचाय.