कारणाचा रकाना

2023 च्या ऑक्टोबरात पाटोदा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेला पत्र आलं : जुनं जनरल रजिस्टर तपासा, कुणबी नोंदी कळवा, 1948 पूर्वीच्या वेगळ्या, 1948 ते 1967 च्या वेगळ्या. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम मराठवाड्यात सुरू होतं. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीत झालेल्या उपोषणानंतर गावात एकच विषय. परिपाठ व्हायच्या आत माणसं ओट्यावर येऊन बसायची. ‘‘गुरुजी, आमच्या पणज्याचं नाव घावतंय का बघा की.’’ महिनाअखेर बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. फोन मात्र चालूच.

रजिस्टरं पत्र्याच्या पेटीत, लाल फडक्यात बांधलेली. कडा वाळवीनं खाल्लेल्या. सगळ्यात जुनं उर्दूत, कारण 1948 च्या सप्टेंबरापर्यंत इथं निजामाचं राज्य. ते वाचायला बीडहून एक निवृत्त उर्दू शिक्षक आले. साल फसली. ‘‘पाचशे नव्वद मिळवा सर, इसवी सन येतं,’’ ते म्हणाले. 1350 फसली म्हणजे 1940-41. महिनेही आझूर, दै, बहमन असे. त्यांनी वाचायचं आणि मी मराठीत उतरवायचं, अशी आमची बैठक बसली.

कामाचा रकाना एकच, जातीचा. ज्याची नोंद निघाली तो पेढे घेऊन आला. ज्याची निघाली नाही त्याला वाटलं, मास्तरानं नीट बघितलं नाही. इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीत 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीच्या पुराव्याला वजन असतं, त्यामुळे लोकांचीही काही चूक नव्हती.

पण माझी नजर सारखी ओळीच्या शेवटाला जायला लागली : ‘शाळा सोडल्याचे कारण’. पन्नास-साठच्या दशकातल्या पानांवर ‘गुरे राखतो’, ‘सालाने राहिला’, मुलींपुढे ‘लग्न’ नाहीतर ‘घरकाम’. मुली मुळातच थोड्या. बहात्तरच्या दुष्काळाच्या पानावर ‘खडी फोडण्यास गेला’. आणि त्यापुढे तर दरवर्षी, दिवाळीच्या आसपास, एकाखाली एक ‘कारखान्यास गेला’, ‘कारखान्यास गेली’. आईबापांनी उचल घेतली की कोयत्याबरोबर लेकरूही जायचं. गाळप संपल्यावर परत आलेलं लेकरू काही वेळा पुन्हा त्याच इयत्तेत नव्या नंबरानं दाखल. बीडच्या ऊसतोडीवर परिषदा होतात, अहवाल निघतात. आमच्या गावचा अहवाल मास्तरांनी दोन-दोन शब्दांत लिहून ठेवलेला होता.

पेटीच्या तळाशी मुख्याध्यापकांची एक सूचनावही निघाली. ‘गैरहजर मुलांच्या घरी शिक्षकांनी समक्ष जावे.’ खाली शिक्षकांच्या सह्या. पुढच्या पानावर त्याच मुख्याध्यापकांनी लिहिलेलं : ‘घरे बंद आढळली.’ त्या वहीबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. तिच्यात जात नव्हती ना! जनरल रजिस्टर कायम जपायचं दप्तर. सूचनावही कपाट आवरताना रद्दीत जाते.

पुढे 2 सप्टेंबर 2025 ला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला आणि पेटी पुन्हा उघडली. प्रत्येक उघडण्यात पानं झडतात. नोंदी मोजून तक्ते भरून घेणाऱ्या सरकारनं त्याच वेळी ही दप्तरं पूर्ण स्कॅन करून घ्यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. कागद असे एका रकान्यापुरते वाचवता येत नाहीत.

तुम्ही आजोबांची नोंद काढायला गावच्या शाळेत गेलात, तर जातीपाशी बोट ठेवून थांबू नका. पूर्ण ओळ उतरवून घ्या, कारणासकट. आणि मुख्याध्यापकांना विचारा, जुनी सूचनावही आहे का. असली तर त्यांच्या परवानगीनं तिच्या पानापानाचे फोटो काढून एक प्रत शाळेला द्या.