मधला आकडा

नवजात बाळाच्या रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की वाढणारं संप्रेरक, ४०च्या वर गेलं की मला फार विचार करावा लागत नाही. शिरेतलं रक्त घ्यायचं आणि रिपोर्टसाठी न थांबता थायरॉक्सिनची गोळी सुरू करायची. छळतो तो १४चा आकडा. बाळ सोळा दिवसांचं, फ्री टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) चांगला, अंगावर नीट पितंय, आणि आई माझ्या तोंडाकडे बघतेय.

हाताखाली नवी डॉक्टर आल्यापासून तो जास्तच बोचतो. "सर, थांबायचं म्हणजे किती?" ती विचारते. आठवड्याभराने परत तपासू, तीन आठवड्यांनंतरही १०च्या वर राहिला तर गोळी देऊ, असं मी ठणकावून सांगतो. आतून मात्र धाकधूक असते. थांबलो आणि आजार खरा निघाला, तर मेंदूच्या वाढीचे दिवस वाया. दिली आणि गरज नव्हती, तर तीन वर्षं रोज गोळी चुरून चमच्यातल्या दुधातून पाजायची, मग महिनाभर बंद करून पुन्हा रक्त. ही शेवटची पायरी तर कित्येक जण गाळतातच. मूल शाळेत जायला लागतं तरी गोळी चालूच.

पूर्वी घोगरं रडणं, जाड जीभ, लांबलेली कावीळ यांवरून मी निदान सांगायचो, आणि नातेवाईक थक्क व्हायचे. ते थक्क होणं मला फार आवडायचं. पण हा आजार असलेली बहुतेक बाळंही जन्मतः ठणठणीत दिसतात. नजरेला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरच्या तपासणीने माझी ती ऐट उतरवली. आनंद व्हायला हवा होता, झाला तो हेवा.

उरलेला राग लॅबवाल्यांवर. जन्मल्यावर अर्ध्या तासात टीएसएच ६०-७०पर्यंत उसळतो आणि मग दोन-तीन दिवसांत उतरत जातो, म्हणून तर ४८ तासांनंतर टाच टोचायची. तरी रिपोर्टवर रेंज छापतात मोठ्या माणसांची. पहिल्या दिवशीच्या २५ला घाबरायचं कारण नाही. पंधराव्या दिवशी शिरेतल्या रक्तात तेवढाच आला तर गोळी त्याच दिवशी. कागदावर बाण दोन्हींपुढे सारखाच. मग घरचे रात्रभर मोबाइलवर शोधत बसतात.

म्हणून एवढंच मागणं आहे: बाळाचा रिपोर्ट आणाल तेव्हा जन्माची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ, दोन्ही त्यावर लिहून आणा. त्याशिवाय तो आकडा मलाही वाचता येत नाही.