चिकित्सा

मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द दोन घरी नांदतो. वैद्य रोग्याची चिकित्सा करतो आणि आम्ही ग्रंथांची. चाळीस वर्षे ह्या दुसऱ्या घरात काढल्यावर पहिल्या घराचे दार आपल्याला कधी ठोठवावे लागेल, असे मला वाटले नव्हते. 2022 सालच्या श्रावणात, महिना संपत आलेला असताना, थोरल्या बहिणीला घेऊन मी हैदराबादेतल्या एका रुग्णालयात स्मृतिविकारांच्या विभागाबाहेर बसलो होतो. हातात तिचा कागद होता. वय 75, शिक्षण सातवी, मातृभाषा मराठी. कागदावर ती एवढीच मावली होती.

तिला मी अक्का म्हणतो. हा शब्द मराठीचा की तेलुगूचा, असा वाद घातला तर दोन्ही भाषा त्यावर हक्क सांगतील, आणि अक्का तशीच आहे. आमचे वडील नांदेडकडचे. निजामाच्या राजवटीत नोकरीसाठी हैदराबादेस आले. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही काचीगुड्यातच राहिलो. 1969 मध्ये आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, अक्का बावीस. त्यानंतर घर तिनेच चालवले. तिने लग्न केले नाही; का, हे मी कधी विचारले नाही. ती भाजीवाल्याशी तेलुगूत घासाघीस करी, शेजारच्या खालाजानशी दखनीत सुखदुःख बोले आणि देवापुढे मराठीत गाऱ्हाणे घाली. एका भाषेतून दुसरीत जाताना तिला उंबरठा लागत नसे.

आत एका तरुण मानसशास्त्रज्ञ मुलीने अक्काच्या मांडीवर टॅबलेट ठेवला. आमच्या पिढीने त्याला पाटीच म्हटले असते. पाटीने पहिला प्रश्न विचारला तो भाषेचा, आणि निवडायची होती ती एकच. मी मराठी निवडली. मग आतून आवाज आला: “कृपया आपल्या समोरील आकृतीची प्रतिकृती रेखाटा.” अक्काने माझ्याकडे पाहिले. “काय म्हणतोय हा?” मला हसू आले आणि थोडा विजयही वाटला. आजची तारीख विचारली तेव्हा ती म्हणाली, “परवा पोळा.” ते खरे होते, पण पाटीला तारीख हवी होती. एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावे सांगायची होती. अक्का म्हणाली, “गाय, म्हैस, कुक्का, शेळी, पिल्ली...” कुक्का आणि पिल्ली, म्हणजे कुत्रा आणि मांजर, हे दोन तेलुगू प्राणी यंत्राच्या मराठी गोठ्यात आलेच नाहीत. मी लगेच हरकत घेतली. पाठचिकित्सेत एखाद्या संपादकाने अस्सल पाठ प्रक्षिप्त ठरवावा आणि आपण तावातावाने उठावे, तसा मी उठलो.

त्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाली, “सर, ते दोन शब्द मी हाताने मोजले. पण अम्मांनी गाय तीनदा म्हटली.”

ते माझ्या कानावर आलेच नव्हते. मी यंत्राची चूक ऐकत होतो.

मग तिने पाटी बाजूला ठेवली आणि तेलुगूत म्हटले, अम्मा, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. हा प्रश्न कुठून आला, ते पुढे वाचनात कळले. स्मृतीच्या पडताळणीची जी संक्षिप्त परीक्षा 1975 पासून जगभर वापरली जाते, तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात आणि कागदावर एक वाक्य लिहायला लावतात. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत संशोधक ही परीक्षा घेऊन गेले, तेव्हा समोरच्या वृद्धांपैकी कितीकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना नापास करण्याऐवजी संशोधकांनी परीक्षाच बदलली. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या हिंदी रूपात, लिहिलेली आज्ञा वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे आले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगणे आले. भाषांतर म्हणजे शब्दामागच्या माणसापर्यंत जाणे, हे आम्ही परिसंवादांतून सांगत असतो. ह्या वैद्यांनी ते करून दाखवले होते.

अक्काने उत्तर मराठीत दिले. “घर ना? आहे की. ते तिकडं... तिथं आई आहे.”

प्रश्न तिला समजेल अशा भाषेत विचारला गेला होता. उत्तरासाठी तिला कोणी एका भाषेत कोंडले नव्हते. परीक्षेवर टीका करायला मला कोणतीही जागा उरली नव्हती. आई जाऊन त्रेपन्न वर्षे झाली होती.

ह्यानंतरचे लिहिणे मला जड जाते. 2020 साली मी एका दिवाळी अंकासाठी बोलीभाषेवर लेख लिहिला होता. त्यात अक्काच्या बोलण्याचे नमुने होते. “ते आण, त्याच्यात घाल, मग तसं कर.” नामांवाचून चालणारी ही सर्वनामांची भाषा किती नेमकी असते, स्वयंपाकघराचा सगळा संदर्भ बोलणाऱ्या दोघांत कसा गृहीत असतो, हे मी मोठ्या रसिकतेने उलगडले होते. लेख वाखाणला गेला. अल्झायमरच्या विकारात आधी नामे निसटू लागतात आणि त्यांच्या जागी ‘ते’, ‘तिकडचे’, ‘तसले’ असे शब्द येऊन बसतात, हे मला ठाऊक नव्हते. मी लक्षणाला शैली समजलो. दोन वर्षे समजत राहिलो.

आयरिस मर्डॉक ह्या इंग्रजी कादंबरीकर्तीची शेवटची कादंबरी 1995 मध्ये आली. 1999 मध्ये अल्झायमरच्या विकारातच त्या गेल्या. पुढे 2005 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्यांच्या तीन कादंबऱ्या, पहिली, मध्यकाळातली आणि शेवटची, संगणकावर शब्दागणिक तपासल्या. वाक्यांच्या रचनेत फारसा फरक नव्हता, पण शेवटच्या पुस्तकात शब्दसंपत्ती आटलेली दिसली. निदान होण्यापूर्वीच लेखनाने ते सांगून ठेवले होते. आता हेच काम बोलण्यावर चालू आहे. माणूस किती वेळ थांबतो, कोणता शब्द पुन्हा येतो, नामे किती आणि सर्वनामे किती, हे मोजून विकाराची चाहूल आधी लागेल का, ह्याचा शोध देशोदेशी घेतला जात आहे. शब्द मोजणाऱ्या शैलीविज्ञानाची आम्ही समीक्षक थट्टा करीत आलो. काव्य का कधी मोजून कळते, असे विचारीत आलो. आज मला वाटते, मोजणाऱ्याला एक लाभ असतो. त्याचे कोणावर प्रेम नसते. म्हणून गाय तीनदा आल्याचे त्याला ऐकू येते.

पण एवढ्यावर थांबलो तर ती दुसरी चूक होईल. भारतात साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळजवळ 88 लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले असावेत, असा अंदाज 2023 मध्ये एका देशव्यापी पाहणीतून पुढे आला. त्यांतल्या कितीकांची मातृभाषा आणि बाजारातली भाषा वेगळी असेल. ह्याच हैदराबादेत, निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये, डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 648 रुग्णांचा अभ्यास करून 2013 साली दाखवले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. शाळेत कधी न गेलेल्यांतही हा फरक दिसला. ज्या कुक्का-पिल्लीला आमच्या समोरच्या यंत्राने गैरहजर धरले, तेच कदाचित अक्काच्या दाराशी राखण करीत बसले असतील. सरासरीचे माप एका माणसाला लावायचे नसते, हे मला कळते. तरी ती साडेचार वर्षे मी अनेकदा बोटांवर मोजली आहेत. त्यांतली दोन मी रसग्रहणात घालवली.

पुढच्या वर्षी एका रात्री अक्काने सातव्यांदा विचारले, “आई आली का?” मी ओरडलो. शेजारी दिवा लागेल इतक्या मोठ्याने ओरडलो. ती घाबरून कोपऱ्यात उभी राहिली. अकरा वर्षांच्या मला जिने पंखाखाली घेतले, ती. ती झोपल्यावर मी 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक फिरवला. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, आणि भारतातल्या अनेक भाषांतून तिथे बोलता येते. भाषा निवडायची वेळ माझ्यावरही आली. मी तेलुगू निवडली. का, ते बोलू लागल्यावर कळले. अक्काविषयी तक्रार मला मराठीत करवली नसती. ती भाषा तिनेच मला भरवली होती. परक्या आणि तरी आपल्या भाषेत मी एका अनोळखी माणसाला सांगितले की मी बहिणीवर ओरडलो, आणि मला झोप नाही, आणि मला भीती वाटते की पुढचा मी आहे. पलीकडच्या आवाजाने उपदेश केला नाही. तुम्ही शेवटचे पोटभर केव्हा जेवलात, एवढेच आधी विचारले.

आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून दर रविवारी दहा मिनिटे अक्काचे बोलणे मी फोनवर ध्वनिमुद्रित करतो. संमतीच्या कागदावर सही माझी आहे, तिची नाही, हे दर रविवारी टोचते. म्हणून मुद्रण करण्यापूर्वी तिला विचारतो, आणि ती मान हलवील त्या दिवशी फोन बंद ठेवतो. मग वहीत ते बोलणे उतरवून घेतो: कोणता शब्द मराठी, कोणता दखनी, कोणता तेलुगू, कोणता पुन्हा आला, कुठे ती थांबली. पोथ्यांचे पाठभेद नोंदवण्याची सवय अशी उतारवयात कामी आली. मोजणे यंत्र करील. शब्द कोणत्या घरातून आला, ते मात्र मी लिहून द्यावे लागते. डॉक्टर वही पाहतात तेव्हा समासातल्या टिपांवर अधिक थांबतात.

काल ती म्हणाली, “ते आण.” पूर्वी मी त्यात सौंदर्य पाहिले असते, मधल्या काळात नुसता रोग. मी विचारले, “कोणतं, अक्का?” आणि थांबलो. किती वेळ थांबलो, ते वहीत आहे. कधी ती ‘तांब्या’ म्हणते, कधी तेलुगूतला ‘चेंबू’. मी दोन्ही बरोबर धरतो आणि पाणी आणून देतो. काल ती काहीच म्हणाली नाही. मी तरीही पाणी आणले, आणि वहीत ती जागा कोरी ठेवली.